सापळ्याचा खुंटा: आधी माती, मग लोखंड

तुमची अडचण थोडक्यात अशी: अभ्यासासाठी रेडिओ कॉलर लावायला कोल्ह्याच्या आकाराचे, १० ते १५ किलोचे प्राणी रबरी जबड्याच्या पायसापळ्यात धरायचे आहेत. १२ मिमी सळईची ६० सेंमी लांब मेख कोरड्या चिकणमातीत इतकी घट्ट बसली की दोघांना हलली नाही. पाऊस पडून गेला आणि तीच मेख एका हातानं उपसून आली. आता सळई जाड घ्यावी, लांब घ्यावी, की जमिनीत जाऊन आडवा होणारा तारेचा अँकर वापरावा, आणि तो स्वतः बनवता येईल का, हे तुम्हाला हवंय.

जाडीनं फारसा फरक पडणार नाही. लांबीनं थोडा पडेल. खरा फरक पडतो तो अँकर मातीला कसा धरतो ते बदलल्यावर, आणि त्याहूनही जास्त साखळी आखूड केल्यावर. लोक प्राण्याचं वजन विचारून अँकर निवडतात. मी आधी माती विचारतो, मग साखळी, आणि प्राणी शेवटी.

परवानगी हातात आहे असं तुम्ही लिहिलंत म्हणून पुढचं लिहितोय. भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात सापळ्यात पकडणं शिकारीच्याच व्याख्येत बसतं, आणि युरोपीय संघात पायसापळे १९९५ पासून बंद आहेत. तुमच्या परवान्यात सापळ्याचा प्रकार, तपासणीची वेळ किंवा साखळीची लांबी ठरवून दिली असेल तर आधी ते पाळायचं, माझं सांगणं त्यानंतर.

अँकरच्या बाबतीत इतका काटेकोरपणा का, तर रिकामा सापळा परवडतो, उपटलेला अँकर परवडत नाही. साखळी, मेख आणि सापळा पायात घेऊन प्राणी झाडोऱ्यात शिरतो, कुठेतरी गुंततो आणि तो कुठे आहे हे कोणालाच माहीत नसतं. सापळ्याच्या कामात याहून वाईट काही होत नाही.

सरळ मेख मातीत टिकते ती निव्वळ अंगाला लागलेल्या मातीच्या पकडीवर. तुमच्याच मेखेचा हिशोब मांडू. १२ मिमी जाड आणि ६० सेंमी खोल सळईचं मातीला लागलेलं अंग सुमारे २२५ चौरस सेंमी भरतं. मध्यम घट्ट चिकणमातीची कातरताकद, म्हणजे घसरून फाटण्याआधी माती जेवढा जोर झेलते ती ताकद, ५० किलोपास्कल धरली आणि तिच्यातली निम्मी पकड म्हणून मिळाली असं मानलं, तर सरळ वर ओढायला साधारण ५५ ते ६० किलोचा जोर लागेल. कोरडी, कडक माती असेल तर याच्या कितीतरी पट. हाच आकडा तुम्हाला फसवून गेला. पाणी मुरल्यावर मातीची ताकद पाव होते, कधी त्याहून कमी, आणि सळईच्या अंगाला चिखलाचं वंगण लागतं.

पण ओलावा हे अर्धंच कारण. दुसरं अर्धं प्राणी स्वतः करतो. तो फक्त ओढत नाही, गोल फिरतो. प्रत्येक फेरीत मेखेचं डोकं थोडं थोडं चारी बाजूंना ढकललं जातं आणि वरच्या १०-१५ सेंमीत भोक नरसाळ्यासारखं रुंद होत जातं. तेवढ्या भागातली पकड गेलीच, वर पावसाचं पाणी त्या भोकातून थेट खाली उतरतं. खुंटा हलवून बळकट करतात म्हणे. सापळ्याचा खुंटा हलवला की सैलच होतो. सळई १६ मिमी केली तर अंग तिसऱ्या हिश्शानं वाढेल, पण हे ढिलं होणं तसंच चालू राहील. म्हणून मेख ठोकल्यावर लगेच ओढून पाहण्यावर माझा विश्वास नाही. आधी डोक्याला दोर बांधून चारी दिशांना झटके द्या, आजूबाजूला बादलीभर पाणी ओता, आणि मग ओढून बघा.

आता साखळी. हा भाग सगळ्यात कमी बोलला जातो आणि सगळ्यात जास्त काम करतो.

१५ किलोचा प्राणी साधारण स्वतःच्या वजनाएवढ्या जोरानं, म्हणजे १५० न्यूटननं, धाव घेतो असं धरू. ३० सेंमीचा ढिल मिळाला तर धक्का बसेपर्यंत त्याच्याकडे ४५ ज्यूल ऊर्जा जमते. दीड मीटरचा ढिल दिला तर २२५ ज्यूल. ही ऊर्जा साखळी ताणली गेल्यावर चार-पाच सेंमीत जिरवावी लागते. ५ सेंमी धरले तर आखूड साखळीवर सरासरी ९० किलोच्या आसपास धक्का येतो, लांब साखळीवर साडेचारशे किलोच्या वर. प्राणी तोच, सापळा तोच, माती तीच. शिवाय मेख मधे आणि साखळी बाजूला पसरलेली असेल, तर प्राणी या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो आणि ढिल साखळीच्या दुप्पट होतो.

हा धक्का नुसता मेखेला बसत नाही, पायाच्या सांध्यालाही बसतो. म्हणून कॉलर लावून सोडायच्या प्राण्यासाठी आखूड साखळी आणि तिच्यात धक्काशोषक स्प्रिंग हे दोन्ही मी सक्तीचं मानतो. तीच ४५ ज्यूल ऊर्जा ५ ऐवजी १५ सेंमीत जिरली की धक्का ३० किलोवर येतो. साखळी २५-३० सेंमीहून लांब ठेवू नका. एकाच अपवादात लांब साखळी चालते, त्याबद्दल पुढे.

साखळीत फिरत्या कड्या, ज्यांना सगळे स्विव्हल म्हणतात, निदान दोन हव्यात: एक सापळ्याच्या बुडाशी, एक अँकरच्या डोक्याशी. तीन असल्या तर उत्तम. प्राणी फिरतो तेव्हा साखळीला पीळ पडतो. पीळ पडत गेला की साखळी आखडते, मग ती ताठ होते आणि प्राणी तिच्याच तरफेनं पाय बाहेर काढतो किंवा मेख फिरवून सैल करतो. अँकरच्या डोक्याची कडी जमिनीच्या पातळीवर, माती आणि गवताची मुळं बाजूला करून मोकळी ठेवा. स्विव्हलमध्ये चिखल बसून तो वाळला की तो स्विव्हल राहत नाही, म्हणून प्रत्येक तपासणीला बोटानं फिरवून बघायची सवय लावा.

मग तुमच्या ओल्या चिकणमातीत काय लावायचं? दोनच पर्याय गांभीर्यानं घ्यावेत असे आहेत.

पहिला, तिरप्या जोडमेखा. दोन कड्यांचं एक स्विव्हल मिळतं, त्याच्या प्रत्येक कडीतून एक मेख साधारण ४५ ते ६० अंशांच्या कोनात, एकमेकींना छेदतील अशा दिशांनी ठोकायची. आता वर ओढलं तरी दोन्ही मेखा आपापल्या अक्षात सरकू शकत नाहीत. एक बाहेर यायची तर तिला बाजूची माती कापत यावं लागतं, आणि दुसरी तिला अडवते. नुसती अंगाची पकड राहत नाही, मातीचा अख्खा गोळा कामाला लागतो. ४५ सेंमीच्या दोन तिरप्या मेखा ९० सेंमीच्या एका सरळ मेखेपेक्षा मला केव्हाही जास्त पसंत. सैलसर, भुसभुशीत जमिनीत लांबी ६० ते ७५ सेंमीपर्यंत न्या. याचा मोठा फायदा असा की काम झाल्यावर दोन्ही मेखा परत मिळतात.

दुसरा, तारेचा अँकर. जाड नळीचा किंवा पट्टीचा टोकदार तुकडा, त्याच्या मध्यावर पोलादी तार. वेगळ्या पहारीनं तो खोल ठोकायचा, पहार काढून घ्यायची आणि तार वर ओढायची की तुकडा आत आडवा होतो. आता वर यायला त्याला डोक्यावरची माती फोडावी लागते. हिशोबासाठी, घट्ट मातीत पुरेशी खोल बसलेली पट्टी साधारण तिच्या क्षेत्रफळाच्या आणि मातीच्या कातरताकदीच्या गुणाकाराच्या ९ पट जोर झेलते. २० चौरस सेंमीचा तुकडा आणि ५० किलोपास्कलची माती म्हणजे सुमारे ९० किलो. कडक चिकणमातीत १८० किलो. पण पाणी भरलेल्या मऊ मातीत, जिथे ताकद २० किलोपास्कलवर आलेली असते, तिथे जेमतेम ३५ किलो. म्हणजे तारेचा अँकरसुद्धा जादू नाही. ओल्या मातीत तुकडा दुप्पट मोठा घ्यावा लागतो. तरी सरळ मेखेहून तो उजवा ठरतो, कारण प्राण्याच्या फिरण्यानं त्याच्या भोवतीची माती सैल होत नाही. वरची तार हवी तेवढी हलू दे, ६० सेंमी खाली काही कळत नाही. आणि पाऊस सहसा वरच्या थराला आधी मऊ करतो, खालचा थर बराच वेळ टिकतो. मऊ मातीत ७५ ते ९० सेंमी खोल जा.

वाळूत दोन्ही पर्याय डळमळीत होतात. तिथे एक ओंडका किंवा जाड लाकडी फळी आडवी पुरतात. ४०-५० सेंमी खोल चर, त्यात ओंडका, मधोमध बांधलेली तार, आणि तार वर येण्यासाठी चराला काटकोनात फक्त तारेपुरती अरुंद तिरपी खाच. लोक अख्खा खड्डा रुंद खणतात आणि मग ओंडक्यासमोरची न हललेली माती, जिच्यावर सगळी मदार आहे, तीच फोडून टाकतात. खाच अरुंदच ठेवा.

खडकाळ जमिनीत बोथट टोकाची मेख टोकदार मेखेपेक्षा सरळ जाते. टोकदार मेख दगडाला लागली की कड धरून वळते. नुसता कातळ असेल तर भोक पाडून विस्तार-बोल्ट बसवणं किंवा जागाच बदलणं. मी जागा बदलतो. स्क्रूसारखा फिरवून बसवायचा अँकर कुत्रे बांधायला ठीक आहे. सापळ्याला नको, कारण दगड आडवा आला की तो आत जात नाही, आणि स्विव्हल अडकलं की प्राणी गोल फिरून तोच उलटा उघडू शकतो.

झाडाला किंवा कुंपणाच्या खांबाला साखळी बांधायचा मोह होतो. बांधू नका. प्राणी झाडाभोवती फिरून साखळी गुंडाळून घेतो आणि पाय आवळून बसतो. कुंपणावरून उडी मारली तर पलीकडे लटकतो. अँकरभोवती साखळीची लांबी अधिक प्राण्याच्या अंगाची लांबी एवढ्या वर्तुळात काहीही उभं असता कामा नये, बोटभर जाडीचं खोडसुद्धा नाही.

मघाशी अपवाद म्हणालो तो ओढ-आकड्याचा. दोन-अडीच मीटर साखळीच्या टोकाला दोन दातांचा आकडा असतो, तो जमिनीत रोवलेलाच नसतो. प्राणी तो ओढत जातो आणि पहिल्या झुडपांत अडकून थांबतो. लांडग्यांना कॉलर लावणारे संशोधक हा वापरतात, कारण आकडा घसरतो तेव्हा धक्का जिरतो आणि प्राणी आडोशाला शांत बसतो. पण ओढीची खूण जमिनीवर उमटली पाहिजे, झुडपं जवळ असली पाहिजेत, आणि माग काढणारा अनुभवी माणूस सोबत हवा. मोकळ्या माळावर किंवा रस्ता, पाणी, उतार जवळ असेल तिथे आकडा म्हणजे प्राणी हरवण्याची हमी. तुमच्या वर्णनावरून तुमची जागा मोकळी वाटते, म्हणून सध्या विसरा.

आता बनवण्याचं. मेखेला सळई घेतली तर टोक तिरकं छाटू नका. तिरप्या टोकाची मेख ठोकताना एका बाजूला पळते. ग्राइंडरवर चारी बाजूंनी सारखं, पेन्सिलीसारखं टोक करा. डोक्याला जाड नट बसवून वेल्ड करा, म्हणजे स्विव्हलची कडी वरून निसटत नाही. कडी सळईवर सैल फिरली पाहिजे, पण नटावरून निघता कामा नये. नट जस्ताचा मुलामा असलेला असेल तर वेल्डिंगआधी मुलामा घासून काढा. जस्ताच्या धुरानं काही तासांत थंडी वाजून ताप भरतो, आणि बंद खोलीत हे काम केलं तर दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही. वेल्ड झाल्यावर मेख पाण्यात बुडवून थंड करू नका, जोडाजवळचं लोखंड ठिसूळ होतं आणि ते ऐन घणाच्या घावाला तुटतं. हवेत थंड होऊ द्या. वापरता वापरता डोक्याची कड छत्रीसारखी पसरायला लागली की लगेच घासून टाका, त्या कडेच्या कपच्या उडतात. ठोकताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

तारेच्या अँकरसाठी २० मिमी बोअरची जाड भिंतीची लोखंडी नळी घ्या, ८ सेंमीचे तुकडे. बाहेरचा व्यास सुमारे २७ मिमी असतो, म्हणजे आडवा झालेला तुकडा जेमतेम २० चौरस सेंमी भरतो. ओल्या मातीसाठी तुकडा १२-१५ सेंमी करा किंवा पाठीवर रुंद पट्टी वेल्ड करा. एक टोक तिरपं कापून, चेपून, वेल्डनं बंद करा. दुसरं उघडं ठेवा, पहार तिथून आत बसेल. नळीच्या मधोमध एका बाजूला साखळीची एक कडी वेल्ड करा आणि तार तिच्यातून ओवा. नळीलाच भोक पाडून तार ओवणारे आहेत, पण भोकाची धार तारेचे पदर एकेक करून कापते, आणि इतक्या लहान वळणात तारेची ताकदही घटते. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: उघड्या टोकाची, तारेच्या विरुद्ध बाजूची कड हातोडीनं जराशी बाहेर वळवा. तार ओढताच हीच कड मातीत रुतते आणि तुकडा आडवा होतो. ती नसली तर तो आला तसाच सरळ वर येतो.

तार ३.२ मिमीची, ७ गुणिले १९ बांधणीची (७ पेड, प्रत्येकात १९ तारा) जस्तलेपित असेल तर तिची तुटण्याची ताकद सुमारे ९०० किलो असते. २.४ मिमी, ७ गुणिले ७ ची सुमारे ४१५ किलो. तुमच्या आकाराच्या प्राण्याला दुसरीही पुरते, पण दगडावर घासून पदर तुटतात, म्हणून मी पहिली घेतो. टोकाचा फास दाबनळीनं, म्हणजे फेरूलनं, आणि तिच्याच दाबयंत्रानं करा. हातोडीनं चेपलेली दाबनळी दिसायला घट्ट असते आणि ओल्यात हळूहळू सरकते. यू-बोल्टची क्लिप वापरायची वेळ आली तर तिचं खोगीर, म्हणजे खाचेचा जाड तुकडा, भार घेणाऱ्या तारेवर आणि यू मोकळ्या टोकावर यायला हवा. उलटं बसवलं तर यू भाराच्या तारेला चावतो.

ठोकायची पहार नळीत सैलसर बसणारी हवी, घट्ट नको, नाहीतर बाहेर काढताना अँकरही सोबत येतो. खोली गाठल्यावर पहार थोडी फिरवून सरळ काढा. मग तार तुकड्याच्या लांबीच्या एक ते दीडपट वर येईपर्यंत जोरात ओढा. आधी ती मऊपणे सरकते आणि मग एकदम कडक होते. तो कडकपणा हाताला जाणवला नाही तर अँकर आडवा झालेलाच नाही, दुसऱ्या जागी नवा ठोका. बसल्याची खात्री करायला तरफ वापरा: दीड मीटरचा बांबू, टेका तारेपासून १५ सेंमीवर, दुसऱ्या टोकावर २० किलोचा भार. तारेवर १८० किलोचा ताण येतो. तो झेलणारा अँकर आखूड साखळीच्या ९० किलोच्या धक्क्याला पुरून उरतो. १८० पेलवत नसेल पण १०० पेलत असेल तर स्प्रिंग लावून काम चालेल. त्याच्या खाली गेलात तर जोडमेखा घ्या किंवा जागा बदला. तारेचं जे टोक वर येतं ते लगेच स्विव्हलला जोडा. दोन-तीन सेंमीहून जास्त तार जमिनीवर दिसली तर प्राणी ती चावतो आणि पिळून तिला गाठ पाडतो. आणि पहार उचलण्याआधी त्या जागेखालून वीज किंवा पाण्याची लाइन गेलेली नाही ना, हे विचारून घ्या.

पाऊस झाला की प्रत्येक अँकरची तरफ-चाचणी पुन्हा. सापळा आधी बंद करून, मग चाचणी, मग परत उघडणं. जिथे रात्री जमीन गोठते तिथे गोठताना वरचा थर फुगून मेखांना वर ढकलतो, तेव्हा तिथे पाऊस नसला तरी रोज बघावं लागतं.

काम संपल्यावर सरळ मेख उपसायची असेल तर आधी पाइप पान्यानं अर्धा फेरा फिरवा. मातीची पकड सुटते आणि मग ती निम्म्या जोरात येते. न फिरवता जॅकनं उचलणारे वेल्डचा नट उपटून मेख आतच सोडून येतात. तारेचा अँकर बहुतेक वेळा परत मिळत नाही. बाजूनं खणून तार नांगराच्या फाळाखाली जाईल एवढ्या खोलीवर कापा, म्हणजे निदान ३०-४० सेंमी, खड्डा दाबून भरा आणि जागेचा जीपीएस बिंदू वहीत लिहून ठेवा. जमिनीलगत कापलेल्या तारेचे पदर गुरांच्या खुरांत घुसतात.